गुहागरहून मॉरिशसच्या देवळात: जोडीनं सेवेला जाणाऱ्यांसाठी

आम्ही दोघं मॉरिशसला, तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी लोकांच्या एका मंदिरात दीड वर्ष सेवा करून आलो, तेव्हापासून आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच, वहिनी आम्हाला पण जायचंय, काय काय लागतं सांगा ना. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढतेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, हे मुंबईला नोकरीत, म्हणजे आपल्याकडची नेहमीचीच गोष्ट, बायको गावात, नवरा मुंबईत, आणि भेट गणपतीत, शिमग्याला नि मे महिन्यात. हे का सांगितलं ते पुढे कळेल.

आधी एक गैरसमज काढून टाका. सेवेला गेलं म्हणजे दिवसभर जप, कीर्तन, लोक पाया पडतायत, असं डोक्यात असेल तर घरीच बसा. आमचा निम्मा दिवस झाडू, फडका, समया घासणं, चहा टाकणं आणि लोकांचं ऐकत बसणं यात जायचा. मला ते आवडलं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

बोलावणं कोणाचं ते बघा आणि लिहून घ्या

मंदिराच्या कमिटीचं लेखी पत्र हवं, फोनवरचं या हो या चालणार नाही. किती महिने, खोली देवळाच्या आवारात की कोणाच्या घरी, तिकीट कोणाचं, किराणा कोण भरणार, लाईटबिल कोणाचं, आजारी पडलो तर काय, आणि आठवड्यातून सुट्टीचा दिवस कुठला, एवढं त्यात पाहिजेच. आम्ही लाजलो. देवाच्या कामात कसले हिशोब म्हणून विचारलंच नाही, आणि तिसऱ्या महिन्यात गॅस संपला तेव्हा सिलेंडर कोणी आणायचा ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं आम्ही आणू, आम्हाला वाटलं ते आणतील, तीन दिवस इलेक्ट्रिक शेगडीवर खिचडी. भांडण नाही झालं पण अवघडल्यासारखं झालं, आणि परक्या देशात अवघडलेपण जास्त टोचतं.

व्हिसाचं बघा. भारतीय पासपोर्टवर मॉरिशस फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे कोणीतरी सांगणारच की चला बसा विमानात, पुढचं बघू. अजिबात नको. फिरायला जाणं वेगळं, महिनोन्महिने देवळात राहून काम करणं वेगळं, पगार घेत नसलात तरी. राहण्याच्या परवानगीचं काम मंदिरानेच तिथल्या सरकारकडे करायचं असतं, तो कागद आला की मगच तिकीट.

आपल्या बाजूचे कागद म्हणजे नावांचा घोळ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पेन्शनच्या कागदावर सासरचं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. हे सगळं आधी एकसारखं करून घ्या, याला तीन-चार महिने धरा. आणि लग्नाचा दाखला! आमच्या पिढीत मांडव घातला, लग्न लागलं, पंगती उठल्या, नोंदणी कोणी केली होती हो? जोडीनं परवानगी मागायची तर जोडी असल्याचा पुरावा मागतात, तो ग्रामपंचायतीत नोंद करून घ्यावा लागला आणि मग त्यावर अपॉस्टीलचा शिक्का, म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरतात तो. साठीला आलेली आम्ही दोघं ग्रामसेवकासमोर लग्नाची नोंद करायला उभी, बाहेर बाकावर बसलेली पोरं हसत होती. पोलिसांचा दाखला पासपोर्ट ऑफिसकडूनच मिळतो, तो पण मागतील.

पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला विसरू नका. नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि नोव्हेंबरात तुम्ही तिकडे असणार. आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, पण जायच्या आधी मुलाकडून नाहीतर भाचीकडून ते ॲप टाकून घ्या, एकदा समोर बसून शिका, आणि आपल्या बँकेत नि ट्रेझरीत जाऊन विचारा की हे तुम्हाला चालतं ना. मी तिकडून केला, चौथ्या वेळेला झाला, खिडकीकडे तोंड करून बसल्यावर. इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, रोमिंगचं विचारून ठेवा.

घर मागे टाकून जायचं म्हणजे

यात मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माणसं तिथून परत येतात ती याच्यामुळे. तब्येतीमुळे नाही, घरामुळे. सगळं लक्ष इथे.

बंद घर आणि कोकणातला पाऊस यांचं जमत नाही. पावसाच्या आधी कौलं परतून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, हे कोण करणार ते आधी ठरवा आणि पैसे त्याच्याकडे आधी देऊन ठेवा. आठवड्यातून एकदा दारंखिडक्या उघडून हवा खेळवायची, नाहीतर गाद्यांना बुरशी आणि कपाटाला वाळवी. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिलं राहील असा फडका अडकवून ठेवा. तांदूळ, कडधान्य एक दाणा ठेवू नका. गॅसचा रेग्युलेटर काढा. पंपाची लाईन वेगळी असेल तर बाकी मेन स्विच बंद. चावी शेजारी, पण एकाच माणसाकडे, दोघांकडे दिलीत की दोघंही म्हणतात तो उघडेल.

आंब्याचं म्हणाल तर बाग असलेल्यांनी सरळ कराराने द्यावी. आपण तिथून फोनवर फवारणी सांगू असं ह्यांना वाटत होतं. मी म्हटलं अहो, मोहोर काय फोनवर दिसणार आहे का. शेवटी पुतण्याला दिली, मिळेल त्यात समाधान. नारळ पडले तर पडले.

आणि मग देव. घरातल्या देवांची रोजची पूजा कोणाकडे द्यायची हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर चालला. गणपती तर घरातच बसायला हवा, म्हणून पुतण्याने आमच्याच माजघरात आणायचा असं ठरलं. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा दार बंद दिसता कामा नये, त्याला जाऊबाईंनी हो म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं समुद्रापलीकडं चाललीयत, त्यांचं पाऊल वाकडं पडू देऊ नको, आणि मागे सगळे व्हय म्हाराजा. हे वगळू नका. गावाला कळवून जाणं आणि गुपचूप जाणं यात फरक आहे, गावाला कळवलं की गाव घर बघतं.

बॅग

सुकं खोबरं नेऊ नका. चेक-इन बॅगेत पण चालत नाही, तेलकट असतं म्हणून पेट घेऊ शकतं, आणि कोकणी माणसाची बॅग म्हणजे त्यात खोबऱ्याच्या वाट्या असणारच, मुंबईला विमानतळावर माझ्या पुढच्या बाईच्या निघाल्या, पाऊण किलो तरी असेल. कापूर नाही, काडेपेटी नाही. तिथे पोचल्यावर सगळं मिळतं, पूजेचं सामान तर दुकानात भरलेलं असतं.

रोपं, बिया, ताजी फळं, माती लागलेलं काही, यातलं काहीच नको. बेट आहे ते, बाहेरचा रोग आत आला तर ऊस जाईल म्हणून ते फार कडक आहेत. तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून न्यायचा मोह होतो, तुळस तिथे दारोदार आहे. आमसुलं, मेतकूट, मसाला पॅकबंद, लेबल असलेलं न्या आणि फॉर्मवर लिहा, लपवू नका.

औषधं तीन महिन्यांची, मूळ डब्यात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव हवं, कारण तिथल्या दुकानात फ्रेंच नावं असतात. झोपेच्या गोळ्या किंवा जोरदार पेनकिलर चालू असेल तर मंदिराच्या लोकांकडून आधी विचारून घ्या, त्या देशात यावर कडक नियम आहेत. दातांचं काय राहिलं असेल ते इथेच उरका. विमा घेताना एवढंच विचारा की सलग किती दिवस चालतो, कारण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत दिवसांची मर्यादा असते नि वयाची पण. तो कागद हातात घेऊन वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

आपली तीन गोल दांड्यांची पिन तिथल्या प्लगमध्ये जात नाही, ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी प्लग असतात, दोन अडॅप्टर न्या. कापडी पिशव्या न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आणि एक स्वेटर. हसू नका.

उतरल्यावर

मुंबईहून साधारण सहा तासांचं विमान. घड्याळ दीड तास मागे. म्हणजे इथे रात्री आठला नातवाला फोन करायचा तर तिथे साडेसहा, नेमकी आरतीची वेळ, म्हणून आम्ही सकाळचा फोन ठरवला होता.

हवा उलटी आहे. आम्ही जानेवारीत निघालो, इथे पहाटे शाल गुंडाळून गाडीत बसलो आणि तिथे उतरलो तर घामाच्या धारा. त्यांचा उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, पाऊस पण तेव्हाच. गणपती येतो तो त्यांच्या हिवाळ्यात. आंबा डिसेंबरात! पहिल्यांदा डिसेंबरात बाजारात आंबे बघून ह्यांनी घड्याळातली तारीख बघितली. खोली वरच्या अंगाला, क्यूरपीप नाहीतर वाकुआकडे असेल तर जुलैत तो स्वेटर लागतो, ओलसर गारठा असतो. किनाऱ्याला असाल तर एवढं नाही.

पैसा त्यांचाही रुपयाच, पण आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास त्यांचा एक, त्यामुळे बाजारात किंमत बघून स्वस्त वाटतं नि घरी येऊन हिशोब केला की डोळे उघडतात.

भाषा. घरात बोलतात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली. मराठी भाषा शाळेत शिकतात, देवळात म्हणतात, पण भाजी आणायला क्रेओलच लागणार. बोंझूर, मेर्सी, मो पा कोंप्रान म्हणजे मला समजलं नाही, आणि कोम्ये म्हणजे केवढ्याला, एवढ्यावर माझे दोन महिने निघाले. पाणी म्हणजे दिलो, तांदूळ म्हणजे दिरी. भाजीवाल्यांकडे मात्र मजा आहे, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, दुधीला कालबास, दोडक्याला पिपांगाय, आणि ब्रेद म्हणजे पालेभाजी, तर ब्रेद मुरुम म्हणजे आपला शेवग्याचा पाला आणि ब्रेद सोंझ म्हणजे अळू. अळू सापडलं त्या दिवशी मी चिंच घालून फदफदं केलं आणि देवळाच्या ओट्यावर सहा जणी वाट्या घेऊन बसल्या, त्यातली एक म्हणाली आमची आजी अस्संच करायची पण त्याला नाव काय ते विसरलो. मी नाव सांगितलं, तर हसून हसून तिला ठसका लागला.

मला तिथली मुलं टांटीन म्हणायची, म्हणजे काकू, नि ह्यांना टोंटोन. सवय होते.

पंचांग इथलं चालणार नाही हे कोणी सांगत नाही. संकष्टीचा चंद्रोदय तिथला वेगळा, सूर्योदय वेगळा, त्यामुळे कधीकधी तिथीच्या दिवसाचा पण घोळ होतो. मोबाईलच्या पंचांगात गाव बदलून पोर्ट लुई करा. पहिल्या संकष्टीला आम्ही इथल्या कॅलेंडरवरची वेळ धरून ताटं वाढली नि चंद्राचा पत्ताच नाही, आणि उगवल्यावर बघतो तर कलता, आपल्याकडे दिसतो तसा नाही, दक्षिण गोलार्ध ना.

दिवस कसा जातो

पावणेपाचला उठायचं. साडेपाचला दार उघडलंच पाहिजे, कारण कामाला जाणारे बस पकडायच्या आधी दोन मिनिटं डोकं टेकवून जातात आणि दार बंद दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून यायचे थांबतात. फुलं आवारातलीच, जास्वंद, चाफा, भरपूर. काकडा, पूजा, नैवेद्य, साडेआठपर्यंत झाडून-पुसून मोकळं. मग नऊ ते तीन देऊळ रिकामं. हा वेळ खायला उठतो, नवीन जोडप्यांना इथेच घरची आठवण येते. आम्ही त्यात कापसाच्या वाती, कपडे, झोप आणि आजारी माणसांकडे जाणं असं वाटून टाकलं. म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, बसायचं, चहा प्यायचा, तिथला चहा व्हॅनिला घातलेला असतो, पहिल्यांदा घोट घेतला तेव्हा वाटलं कपात अत्तर सांडलं की काय. साडेचारला मुलं. मी अक्षरं, अंक, श्लोक घ्यायचे, हे मोठ्या मुलांना पेटी. साडेसहाला आरती, आठला कुलूप. शनिवार-रविवारी याच्या तिप्पट. सोमवार आमचा सुट्टीचा आणि तो आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. तुम्ही पण सोडू नका. पहिल्या महिन्यात भीड पडली आणि सोडलात की सुट्टी कायमची गेली.

दक्षिणा हातात घ्यायची नाही. लोक प्रेमाने पाकिटं देतात, विशेषतः बायका बायकांना, खणाच्या घडीत घालून. आम्ही पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की जे असेल ते दानपेटीत, आम्हाला भाजी दिलीत तर चालेल. त्यानंतर इतकी भाजी आली की दुधी वाटत फिरले मी.

आणि जे येत नाही ते करू नका. मयताचं, दहाव्याचं, वास्तूचं काही सांगायला येतात, त्यांना वाटतं भारतातून आलेत म्हणजे सगळं येत असणार. हे काही भटजी नव्हेत. सरळ सांगायचं, पोथी वाचतो, भजन करतो, विधी तुमचे गुरुजी करतील. तिथल्या गुरुजींचं मन पण राखलं जातं.

दुरुस्त करायला जाऊ नका

हे लिहायला मी सगळ्यात शेवटी बसले कारण चूक माझी आहे.

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, रोज आरतीला पहिल्या रांगेत. आरतीतला एक शब्द त्या वेगळाच म्हणायच्या, आणि चाल पण शेवटी लांबवायच्या. माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. मी आरती झाल्यावर सगळ्यांसमोर, गोडच बोलून, आजी तिथे तसं नाही असं आहे हां, म्हणून सांगितलं. त्या हसल्या. आणि तीन आठवडे आल्या नाहीत.

मग कमिटीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तो शब्द त्यांच्या आजोबांचा. आजोबांना अक्षर येत नव्हतं, त्यांनी कानाने आणलेलं, कानाने दिलेलं. ते लोक कसे गेले ते वाचून ठेवा जाण्याआधी, मला वरवरच माहीत होतं. १८३४ पासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षं हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली ऊसाच्या मळ्यात, बिहारमधून सगळ्यात जास्त, पण मुंबई बंदरातून पण, आणि त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली माणसं. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायचे तिथल्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत, अप्रवासी घाट म्हणतात, २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. सुट्टीच्या सोमवारी जाऊन या. जाताना पुस्तक नाही, पोथी नाही, जे पाठ होतं तेवढंच बरोबर.

मी त्या आजींच्या घरी गेले. माफी वगैरे मागितली नाही, तशी भाषा पण येत नव्हती धड, नुसती बसले. त्यांनी तोच व्हॅनिलाचा चहा दिला आणि मग आपणहून मांडीवर थाप मारत काहीतरी म्हणायला लागल्या, त्याला तिकडे झाकरी म्हणतात. ठेका ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वाडीतली पोरं गणपतीत पायात चाळ बांधून रात्रभर जाखडी नाचतात ना, तोच. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. मी मोबाईलवर वाडीतला व्हिडिओ लावून दाखवला तर त्या स्क्रीनला हात लावून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत हजर, शब्द तोच, आणि मी पण त्यांच्याबरोबर तोच म्हटला.

तर कोणी नऊवारी वेगळी नेसतं, कोणाच्या नैवेद्याची मांडणी उलटी, आरत्या रोमन अक्षरात लिहिलेल्या, आडनावं ऐकून मराठी वाटतच नाहीत कारण पणजोबांचं पहिलं नाव कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं नि तेच आडनाव झालं. विचारा हवं तर, असं का करता म्हणून. सांगू नका. गणपतीला तिथे सरकारी सुट्टी असते, आम्ही होतो तिथे बहुतेक घरी दीड दिवसाचा, आणि विसर्जनाला समुद्रावर जी गर्दी लोटते ती बघून ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

एक काम मात्र तुमच्याकडे नक्की येणार, गाव शोधून द्या. मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या नोंदी आहेत, त्यातून लोक पणजोबांचा कागद काढून आणतात. एक आजोबा असाच झेरॉक्स घेऊन आले, घडी पडून पडून फाटत आलेला. नंबर, वय, उंची, बापाचं नाव, जिल्हा रटनागेरी आणि गाव पाली. आता पाली किती आहेत आपल्याकडे! आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग पण होता, तो १९८१ ला वेगळा झाला. त्यामुळे हो हो शोधतो असं तोंड भरून सांगू नका. कागदाचा नीट फोटो काढा, बापाचं नाव नि जात लिहिली असेल तर उतरवून घ्या, इथल्या ओळखीच्या तलाठ्याला, शाळेतल्या माणसाला पाठवा, आणि सांगताना एवढंच सांगा की विचारलंय. त्या आजोबांचं गाव मला अजून मिळालेलं नाही. फोटो फोनमध्ये आहे.

तुम्ही दोघं

आता ते सुरुवातीचं. नोकरीभर आम्ही वर्षातले दोन महिने एकत्र असायचो, रिटायर झाल्यावर हे गावी आले तरी दिवसभर बागेत नाहीतर देवळाच्या पारावर. मॉरिशसला दहा बाय बाराची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. पहिल्या दोन महिन्यांत आमची जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या पस्तीस वर्षांत झाली नसतील, वेळच नव्हता ना भांडायला. समई कुठे ठेवायची यावरून दोन दिवस अबोला. आणि आरतीला मात्र शेजारी शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

उपाय साधा निघाला, कामं वेगळी केली. गाभारा, पेटी, बाजार ह्यांचं. मुलं, स्वयंपाक, बायकांकडे जाणं माझं. एकमेकांच्या कामात विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि संध्याकाळी कुलूप लावल्यावर अर्धा तास चालत जायचं, ऊसाच्या कडेकडेने, त्यात बोलायचं असेल तर बोला नाहीतर नका बोलू. मला ह्यांचा आवडता लाडू कुठला ते त्या रस्त्यावर कळलं. मी इतकी वर्षं बेसनाचे पाठवत होते मुंबईला, ह्यांना डिंकाचे आवडतात.

वादळ आणि दवाखाना

ज्यांनी इथे २०२० चं निसर्ग बघितलंय त्यांना वादळाची वेगळी ओळख नको. तिकडे नोव्हेंबर ते मे वादळाचा हंगाम, आणि इशारे एक ते चार अशा क्लासचे. क्लास तीन लागला की बस, दुकानं, सगळं बंद व्हायला लागतं आणि ताशी १२० किलोमीटरचे झोत आले की चार. आम्ही गेल्यावर तीन आठवड्यांतच लागला. क्लास दोनलाच पाणी भरून ठेवा, मेणबत्त्या, बिस्किटं, औषधं एका पिशवीत, फोन चार्ज, आवारातल्या कुंड्या, पत्रे, पताका आत. आणि देवळात बसून राहू म्हणून हट्ट करू नका, कमिटी सांगेल त्या पक्क्या घरात जा.

ॲम्ब्युलन्सचा नंबर ११४, भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा, घाईत सुचत नाही. ह्यांना एकदा पहाटे गरगरलं तेव्हा मी आपला १०८ फिरवत बसले होते.

परत येताना

एक वही ठेवा पहिल्या दिवसापासून. कुठला स्विच ट्रिप होतो, मागच्या दाराची चावी उलटी फिरते, कोणाला साखर चालत नाही म्हणून प्रसादात वेगळी वाटी, कोणाकडे गेलं की कुत्रं सुटं असतं. आमच्यामागून आलेल्या जोडप्याला ती दिली, त्यांचा पहिला फोन आला तो कुत्र्याबद्दल थँक्यू म्हणायला.

आणि परतीचं तिकीट जूनचं काढू नका. आम्ही काढलं, स्वस्त होतं म्हणून. चिपळूण सोडलं नि असा पाऊस की गाडीच्या काचेतून रस्ता दिसेना. घरी पोचलो रात्री नऊला, जाऊबाई कंदील घेऊन ओटीवर, लाईट गेलेले, चावी फिरली पण ओलाव्याने फुगून दार चौकटीत असं बसलं होतं की दोघांनी खांदा लावला तरी हलेना. हे म्हणाले, चल गो, मागल्या दारानं.